पाच ब्लड्स

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच पुस्तक. क्लासचं स्वतःचं. मुखपृष्ठावर मालक गावंडे सर, कोट घालून, हाताची घडी. आत नामांचा धडा. "मोजता येते ते काउंटेबल, मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. उदा. फर्निचर्स."

पहिलंच उदाहरण, आणि तेच चूक. म्हटलं, सर, फर्निचरला एस लागत नाही.

"मॅडम, तुमच्या घरी एकच खुर्ची आहे का?"

आणि हसले. बाहेर रिसेप्शनवरची मुलगी पण हसली.

हा माणूस अमरावतीत इंग्रजी शिकवायचा क्लास चालवतो आणि मी, एम.ए. इंग्लिश, वय एकोणचाळीस, त्याच्याकडे नोकरी करते. यापुढे इथं 'सर' लिहायचं नाही. नुसता गा.

१८ नोव्हेंबर

पुस्तक टेबलावर पालथं ठेवून शिकवलं.

वर्गात मोर्शीचे एक संत्र्याचे व्यापारी आहेत, पन्नाशीचे. त्यांनी विचारलंच. "मॅडम, संत्री आमी मोजतो, रस नाही मोजत. इथवर समजलं. पण पैसा? थो त रोजच मोजतो. मग मनी अनकाउंटेबल कसा?"

बरं वाटलं. कुणीतरी डोकं चालवून राहिलं म्हणून.

सांगितलं की मोजता येणं हे त्या वस्तूत नसतं, शब्दात असतं. इंग्रजी काही शब्दांकडे सुटं सुटं पाहते, काहींकडे ढीग म्हणून. फर्निचर हा ढीग, चेअर सुटी. मनी हा ढीग, नोट सुटी. आपणही करतोच की. पाणी मोजत नाही म्हणतो आणि हरभऱ्याला 'दोन पाणी झाले' म्हणतो. हॉटेलात 'तीन चहा' म्हणतो. तेव्हा आपण पाणी नाही मोजत, पाळ्या मोजतो. चहा नाही, कप मोजतो.

व्यापारी म्हणाले, "हाव, आता बसलं डोक्यात."

एवढ्यासाठी टिकून आहे मी इथं. बाकी सगळा उबग.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळची बॅच. बोर्डावर 'वातानुकूलित वर्ग' लिहिलंय. एसी आहे भिंतीवर. गळतो. खाली बादली, बादलीतल्या पाण्याला शेवाळाचा वास.

तरी तास छान झाला. प्रत्येकाला आपल्या कामातलं एक वाक्य करायला सांगितलं होतं. रूपालीनं केलं, "आय टेक फाइव्ह ब्लड्स एव्हरी मॉर्निंग."

रूपाली तिवस्याची. घरचा भाजीपाल्याचा मळा, ती इथं एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. ड्युटी उरकून येते, तोंडाचा स्कार्फ वर्गातही अर्धा तसाच गुंडाळलेला. आयर्लंडला जायचंय तिला. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, नागपूरला, जानेवारीत. एकदा नापास झाली, बोलण्याच्या भागात. ते ती सगळ्यांना मोठ्यानं सांगते. लाज नाही, हे मला फार आवडतं.

वर्ग हसला. मी पण हसले. म्हटलं, "ब्लड मोजत नाहीत गं, ब्लड सॅम्पल्स म्हण." मग सांगितलं की थांबा, हसू नका, माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे नर्स आहे, ती सांगते की वॉर्डात सगळे 'ब्लड्स'च म्हणतात. तेव्हा परीक्षेत सॅम्पल्स, वॉर्डात ब्लड्स. दोन्ही बरोबर, जागा वेगळी.

रूपाली बाक वाजवत म्हणाली, "म्हणजे मी अर्धी त पोचलीच की आयर्लंडले!"

मग सगळे तिच्यासोबत हसले. असा तास महिन्यातून एखादा.

मागे गा. मोबाइल लावून उभा होता. क्लासची आठवण म्हणून शूट करतो म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठवण!

भाजी घ्यायला गेले तर शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, तुमी त भल्ल्या फेमस झाल्या." तिनंच दाखवलं तिच्या मोबाइलवर.

रूपालीचा आवाज, "फाइव्ह ब्लड्स." माझं हसू. मी म्हणते, "ब्लड मोजत नाहीत गं." मग खदाखदा हसण्याचा आवाज, आमच्या वर्गाचा नव्हे, कुठला तरी विकत मिळणारा. पडद्यावर सुळे आणि रक्ताचे थेंब. वर लाल अक्षरात : रोज पाच रक्त पिणारी नर्स. शेवटी क्लासचा फोन नंबर.

पुढचं सगळं कापलंय. माझं 'थांबा' पण कापलंय.

रूपाली पाठमोरी, स्कार्फमध्ये. चेहरा नाही. माझा मात्र पडदाभर, दात दिसतात सगळे. मी कुणाच्या तरी तोंडावर हसून राहिलेली बाई. कितीदा पाहिलं ते लिहीत नाही. प्रत्येक वेळी ते दात.

घरी येऊन तोंड धुतलं. उगाच.

२७ नोव्हेंबर

काल आणि आज, रूपाली दोन्ही दिवस आली नाही.

गा.च्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, काढून टाका.

"काहून? नाव आहे का तिचं? थोबाड दिसते का? मग?"

म्हटलं, आवाज आहे.

"आवाजानं कोण ओळखते मॅडम. इकडे फोन थांबून नाही राहिले. लोकं हसत हसत शिकतात, हे आपलं नवीन."

निदान पूर्ण व्हिडिओ टाका, पुढचं वाक्य तरी ठेवा.

"थो डिलीट केला. मोबाइल भरून जाते."

बशीत चहा ओतून फुर्र करत पीत होता. मिशीला चहा. मग खोका पुढे केला, "घ्या, पेढा घ्या, तुमच्यामुळेच आहे हे." मी घेतला! नको म्हणता आलं नाही, हात आपोआप पुढे गेला. खाल्ला नाही, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. घरी येईपर्यंत रुमाल तेलकट. रुमालासकट फेकून दिला.

३० नोव्हेंबर, रविवार. अकोला

आईकडे. जठारपेठेतली तिची खोली आता एकटीला मोठी पडते म्हणते, अमरावतीला चल म्हटलं की नाही म्हणते.

तिनं पण पाहिलंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाठवलं. आई मोबाइल हातभर दूर धरून पाहते आणि हसते. "तू त टीव्हीतल्या बायावानी दिसून राहिली वं! अन् थे पोरगी, पाच ब्लड! बाप्पा!"

आई, ती मूर्ख नाहीये, ती बरोबर होती.

"मंग तू कायले हसली?"

सांगायला गेले की वर्गात हसणं वेगळं असतं, ते आपसातलं असतं. आईचं लक्ष नव्हतं. तिनं पुन्हा लावला होता.

माझ्या आईला हसू येतंय आणि मला तिची किळस आली. लिहून ठेवते. आली.

३ डिसेंबर, बुधवार

हॉस्पिटलवर गेले, ड्युटी सुटायच्या वेळी. रूपाली फाटकाबाहेर भेटली. फिनाइलचा वास तिच्या कपड्यांना.

मीच घाईघाईनं बोलत सुटले, मी नाही केलं ते, कापलं त्यानं, मला माहीत नव्हतं वगैरे.

"मले माहीत आहे मॅडम. मी होती ना वर्गात."

मग? येत का नाहीस?

"त्या खोलीत नाही येत आता. बस." मग म्हणाली, वॉर्डातल्या दोघींनी आवाज ओळखला, बाकीच्यांना माहीत नाही. "विसरून जातीन थे. चार दिवसांत दुसरा कोणाचा तरी येते. तुमी काही करू नका. तुमी बोलल्या त अजून चालते थे."

बरं म्हटलं.

परत येताना वाटलं, ही मला सावरून राहिली.

५ डिसेंबर

क्लासची अकोल्याची नवी शाखा ह्या रविवारी उघडते. मला तिथं जावंच लागणार, मी 'लाइव्ह डेमो' देणार असं पत्रिकेत छापलंय. विचारलं नाही, छापलं. फ्लेक्सवर गा.च्या खालोखाल माझा फोटो, त्या क्लिपमधूनच काढलेला. दात.

आईला आमंत्रण गेलंय क्लासकडून, थेट. पुढची खुर्ची.

न जाण्याचा विचार केला. केला फक्त.

७ डिसेंबर, रविवार. अकोला

काय केलं मी.

क्रमानं लिहिते.

लॉनवर कार्यक्रम. खुर्च्यांना सॅटीनची मळकी कव्हरं, मागच्या लग्नाचे डाग तसेच. कुणी पुढारी येणार होते, ते येईपर्यंत नाश्ता उघडून ठेवलेला, कचोरीवर माशा. गा. नव्या सुटात, अत्तर इतकं की डोकं दुखावं. प्रत्येकाला "वेलकम, वेलकम, यू मोस्ट वेलकम." मी बाजूला उभी, हातात गुलाबाची फुलं, मनातल्या मनात त्याचं इंग्रजी दुरुस्त करत.

पुढारी आले. दीप लागला. मग मोठ्या पडद्यावर क्लिप.

रूपालीचा आवाज दोन मोठ्या स्पीकरांतून. लॉनभर लोक हसले. बायका तोंडाला पदर लावून, पोरं खुर्चीवर हात आपटून. आई पुढच्या रांगेत, वळून शेजारणीला सांगून राहिली, माझी पोरगी, माझी पोरगी. सुळे केवढाले दिसत होते पडद्यावर.

"अन् आता त्याच मॅडम तुमच्यासमोर!"

मी माइक घेतला. डेमोचं पहिलं वाक्य पाठ होतं, ते आठवलंच नाही. म्हटलं, हे कापलेलं आहे. हे अर्धं आहे. म्हटलं, त्या मुलीचं काही फार चुकलं नव्हतं, तिकडच्या दवाखान्यात असंच म्हणतात, आणि हे मी त्याच मिनिटाला वर्गात सांगितलं होतं, ते तुम्हाला दाखवलं नाही. ती दिवसभर ड्युटी करून शिकायला येते. तुम्ही ज्याला हसला ते तुमच्यापैकी कुणाला इंग्रजीत म्हणता तरी आलं असतं का? मग आवाज फुटला माझा. आणि त्यात म्हटलं, "रूपाली माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे."

नाव घेतलं.

तोंडातून गेल्यावर कळलं.

क्षणभर लॉन गप्प. मला वाटलं, पोचलं. आणि मग टाळ्या! कडाडून. पुढारी पण वाजवून राहिले. गा.नं माझ्या हातातून माइक घेतला, दुसरा हात माझ्या खांद्यावर, डोळे ओले केलेले. "पाहा! पाहा मायबाप! विद्यार्थ्यांसाठी एवढं तळमळून बोलणारे शिक्षक आपल्याकडेच!" पुन्हा टाळ्या.

त्याच्या हाताचा घाम ब्लाउजमधून खांद्याला लागला. अजून लागून असल्यासारखा वाटतो. आंघोळ केली तरी.

आई म्हणाली, "मस्त बोलली." मी कचोरीची बशी कुठे ठेवली तेही आठवत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

रूपालीचा मेसेज, सकाळी :

"मॅडम तुमी माझं नाव काहून घेतलं"

प्रश्नचिन्ह नाही. पुढं काही नाही.

उत्तर टाइप केलं, खोडलं. टाइप केलं, खोडलं. 'चुकून' हा शब्द किती घाण दिसतो लिहिल्यावर.

९ डिसेंबर

दुसरी क्लिप. असणारच होती. सतारीसारखं रडकं संगीत, माझा फुटलेला आवाज, खाली मोठ्या अक्षरात : शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी! आणि माझ्या तोंडून तिचं नाव. अगदी स्पष्ट. 'हे कापलेलं आहे' हे माझं वाक्य तेवढं कापलंय.

आता लोक दोन्ही सोबत पाठवून राहिलेत. आधी हसायला, मग हळहळायला.

तिवस्यातल्या कुणीतरी खाली लिहिलंय, आपल्या गावची रूपाली, अमक्याची पोरगी. एकानं, "सिस्टर आमचं पण प्या." पुढचे वाचले नाहीत. वाचले. सगळे वाचले.

१० डिसेंबर, बुधवार

राजीनामा दिला. गा. दात कोरत होता.

"एवढं काय मनाला लावून घेता. आता त अ‍ॅडमिशन वाढून राहिल्या अन् तुमी चालल्या. तिले मी फ्रीमध्ये शिकवतो, बोलवा तिले, तिचाही एक व्हिडिओ करू. सगळं विसरून हसत हसत. लोकाइले असं लय आवडते."

माझ्याकडून एकच वाक्य निघालं, तेही इंग्रजीतून, आणि त्याला कळलं नाही. त्याचा अर्थ इथं लिहिण्यासारखा नाही. उतरताना जिन्यात बरं वाटलं. रस्त्यावर येईपर्यंत टिकलं.

मोर्शीचे व्यापारी खाली भेटले. म्हणाले, "काहून चालल्या मॅडम? अजून लिटल अन् अ लिटल राहिलं आमचं." मी चालायला लागले तरी मागून विचारून राहिले, दुसरीकडे कुठे शिकवणार का म्हणून.

१४ डिसेंबर, रविवार

तिवसा.

एसटीनं गेले. ठरवून नाही, सकाळी उठले आणि स्टँडवर पोचले. पत्ता माहीत नव्हता, एवढंच माहीत की रूपालीची आई बाजारात भाजी घेऊन बसते. दोघांना विचारलं. दुसऱ्यानं मला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुमी थ्याच ना?" शी.

रूपालीची आई पोत्यावर बसलेली, पुढे मेथी, पालक, कोथिंबिरीच्या जुड्या, ओल्या फडक्याखाली. मी क्लासच्या मॅडम म्हटल्यावर उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं आता शिव्या. तिनं पाण्याचा गडू पुढे केला.

"पोरगी सुट्टीवर आली आहे घरी. दिवसभर मोबाइलशी बोलत रायते इंग्रजीत. परीक्षा हाये म्हणते. जेवाले बोलावलं त थेही इंग्रजीतून नाई म्हणते." मग हळूच, "कोणी काई बोललं का तिले तिकडे? सांगत नाई."

म्हणजे हिला माहीतच नाही. मोबाइल आहे तो फक्त फोन येणारा. अख्ख्या गावाला ठाऊक आणि हिच्या पुढ्यात येऊन मेथी घेऊन जातात लोक, हिला निवडून दे म्हणतात, घासाघीस करतात, आणि वळून हसत असतील.

'काही नाही,' म्हटलं. खोटं बोलले. ह्या सगळ्यात एवढं एकच खोटं मला स्वच्छ वाटलं.

तिनं कुणाला तरी सांगून रूपालीला बोलावलं. स्टँडमागे कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. आज स्कार्फ नव्हता. म्हणाली, हॉस्पिटलात पेशंटचे नातेवाईकही आता 'पाच नंबर सिस्टर' म्हणतात. मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं, शिस्तीचा प्रश्न आहे, थोडे दिवस घरी राहा म्हणाल्या. तिलाच शिस्त. हसणाऱ्यांना नाही.

मी म्हणाले, माझी चूक झाली, तू नको म्हटलं होतंस.

तिनं विचारलं, "मॅडम, अपॉलॉजी काउंटेबल हाये का?"

हो.

"मंग एक झाली. बस." आणि लगेच, "राग गेला असं नका समजू. राग हाये. पण परीक्षा जवळ आली अन् मले शिकवाले दुसरं कोणी नाई. बोलण्यात अजून अडकते मी."

मी म्हणाले, शिकवते, माझ्या घरी ये.

"तुमच्या घरी नाई. लोकं पाहतीन. एसटीत शिकवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

१८ डिसेंबर

खरंच एसटीत. तिला हॉस्पिटलात परत घेतलंय, पण रात्रपाळीवर, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. सकाळी सुटते, तिवस्याच्या गाडीत बसते. मी तिच्याबरोबर चढते, तिवस्याला उतरते, परत येते. मागची सीट, खिडकी बंद होत नाही, थंड वारा, पुढे कुणाचं तरी पोर ओकलेलं. त्या वासात अनकाउंटेबल नाउन्स.

तिला म्हणते, तू परीक्षकाला सांग तुझ्या कामाबद्दल. ती बोलते. मोठ्यानं. बसमधले वळून पाहतात. ती थांबत नाही.

आज अडली 'अ‍ॅडव्हाइस'वर. "हे अनकाउंटेबल काहून? मले त लोकं रोज चार चार देतात."

म्हटलं, इंग्रजीला तो ढीग वाटतो. एक सुटा पाहिजे असेल तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'.

"हाव, ढीगच हाये थो."

पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, कुठं चालली पोरी? म्हणाली, आयर्लंडले. तो म्हणाला, मंग ह्या गाडीत कायले बसली?

ती हसली. मी नाही हसले. मला आता तिच्यासमोर हसताच येत नाही. ते तिच्या लक्षात आलं. उतरताना म्हणाली, "हसत जा मॅडम, भेव वाटते तुमच्या तोंडाचं."

२३ डिसेंबर

मधे दोन दिवस आली नाही. फोनही नाही. तिसऱ्या दिवशी आली, डोळे सुजलेले. वॉर्डात कुणीतरी तिच्या डब्याला प्लास्टिकचे सुळे चिकटवले होते. खेळण्यातले. डबा उघडला नाही तिनं, तसाच टाकला, पोळ्यांसकट.

कुणी केलं विचारलं नाही तिनं. "विचारलं त सगळेच नाई म्हणतीन."

शिकलेल्या, पेशंटच्या नाडीवर हात ठेवणाऱ्या बाया ह्या.

मग म्हणाली, चला, लिटल अन् फ्यू राहिलं.

शिकवलं. फ्यू फ्रेंड्स म्हणजे जवळजवळ नाहीत. अ फ्यू फ्रेंड्स म्हणजे आहेत थोडे. ती खिडकीबाहेर पाहत वाक्य जुळवत राहिली. "आय हॅव फ्यू फ्रेंड्स. आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स." कुठलं खरं ते सांगितलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार. अकोला

आईशी भांडले. ती म्हणाली, एवढ्या चांगल्या क्लासला लाथ मारली, आता खाली काकू विचारतात तर काय सांगू. मी म्हणाले, त्या मुलीच्या डब्याचं सांग. सांगितलं तिला सगळं.

आई पोळी लाटत होती, तशीच लाटत राहिली, पातळ होऊन फाटली. मग मोबाइल माझ्याकडे दिला. "थो व्हिडिओ काढून टाक माझ्यातून. मले येत नाही."

काढला. तिच्या मोबाइलमधून. एवढंच माझ्या हातात होतं.

४ जानेवारी, रविवार

काल तिची परीक्षा झाली, नागपूरला. मी येते म्हटलं होतं, नको म्हणाली.

संध्याकाळी फोन. "झाली." कशी? "बोलली मी. थांबली नाही." काय विचारलं? "तुमच्या आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांगा म्हणे."

मग? काय सांगितलंस?

"सांगतलं."

मी त्यात कोण होते, गा.च्या बाजूची की तिच्या, हे विचारायचं जिभेवर होतं. गिळलं. निकाल पंधरवड्यानं म्हणतात. ह्यावेळी पास झाली नाही तर पुन्हा बसणार नाही म्हणाली. तिवस्याला मळ्यात वडिलांना मदत करीन म्हणाली. ते ती रागानं म्हणाली की ठरवून, ओळखता आलं नाही.

आजपासून एसटीचं काम संपलं. सकाळी उठून स्टँडवर जायची सवय लागली होती.

७ जानेवारी, बुधवार

दुपारी दार वाजलं. पन्नाशीची बाई, हातात पिशवी, चपला दाराबाहेर काढूनच उभी. अंजनगाव सुर्जीहून आलेली. घरचा फुलांचा धंदा.

"व्हिडिओतल्या मॅडम तुमीच ना?"

दार लावणारच होते. म्हटलं, मी आता शिकवत नाही.

"असं काहून? क्लासवाल्या सरांनी त तुमचाच पत्ता देल्ला. म्हणे पोराइच्या बॅचमंदी तुमी नाई टिकणार, मॅडमकडेच जा. मी पाठवलं म्हणून सांगजा म्हणे."

म्हणजे गा.नं पाठवलं. पेढ्यासारखंच. पुन्हा हात पुढे करायला लावून राहिला.

पाणी दिलं, पाणी न देता कसं हाकलणार. बसली आणि सांगत सुटली. मुलगा हैदराबादला, सून तिकडचीच, हिंदी तिला येत नाही, मराठी नाही, घरात सगळं इंग्रजीच. नात झाली आता, बोलायला लागली. "मी फोनवर काई म्हणलं की थे नात आईच्या तोंडाकडे पाह्यते. अन् सून माह्या पोराले विचारते, काय म्हणून राहिली तुझी माय. थो सांगत नाई. हासते नुसता."

मग मोबाइल काढून मला तीच क्लिप दाखवली. दुसऱ्याच कुणी टाकलेली, नवीन नावानं. गाणं पण दुसरं. अजून चालूच आहे ती.

म्हटलं, बाई, ह्यात मी एका मुलीला हसून राहिले. तुम्हाला दिसत नाही का? असल्या बाईकडे शिकायचं तुम्हाला?

तिनं मोबाइल जवळ घेऊन नीट पाहिलं. जणू पहिल्यांदा.

"दिसते ना. पण चुकलं थे सांगतलं त तुमी. मले त कोणी सांगतही नाई, हासून सोडून देतात." मोबाइल पिशवीत टाकला. "मले हासा तुमी, काही नाई होत. पण मले आलं पाहिजे."

तिचा राग आला, गा.चा आला, आणि तिच्या हातांकडे पाहत राहिले, झेंडूनं पिवळी झालेली बोटं. कुणी आलंच नाही असं समजून दार लावायचं, की ह्या बाईला शिकवून त्या माणसाला जिंकू द्यायचं. की हे जिंकणं-हरणं माझ्याच डोक्यात आहे आणि तिला फक्त नातीशी बोलायचंय.

उठली. चपला घालता घालता म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं येतो मी."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. जिना उतरून गेली ती.